तपासणीपुरती चूल

विश्रांतवाडी, पुणे
२१ जुलै २०२४

सौ. वहिनींना नम्रताचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होते, पण फोन दादाच्या खिशात असतो. तुम्हाला दिला तरी स्पीकर लावून मध्ये बसतो आणि "बोल की, ऐकतोय मी" म्हणतो. हे बोलणं आधी तुमच्याशी व्हायला हवं.

बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे येणार, ती सरकारी योजना. तुमचा अर्ज मंजूर झाला आणि आईचा परत आला, असं दादा म्हणाला. वहिनी, तो कितीदाही भरलात तरी परतच येईल. एका रेशनकार्डावर एकीलाच मिळतात, आणि आईचं नाव तुमच्या कार्डावर आहे. मी शनिवार पेठेत ज्या भाजणीच्या दुकानात कामाला जाते, तिथल्या एका बाईनं तिच्या सासूचं काय केलं ते सांगते. कार्ड वेगळं काढलं. सासू वेगळी राहते, वेगळं शिजवते असं दाखवलं. झालं काम.

आपल्या गोठ्याशेजारची पत्र्याची खोली रिकामीच आहे. तिथं एक चूल मांडा, चार भांडी ठेवा. तपासणीला कुणी आलं की आईला तिथं बसवायचं. ते गेले की आई परत घरात. दादा "मी जिवंत असताना आई वेगळी?" म्हणून थयथयाट करेल, तेव्हा जेवण झाल्यावर सांगा, आधी नको.

मला आईचं वाईट वाटतं हो. सगळं घर तिच्या हाताखाली, कोठीची किल्ली तिच्या कमरेला, तेल किती आणि डाळ किती ते तीच सांगणार. पण मिश्रीच्या पुडीला दादापुढं हात पसरायचा. तिच्या नावावर चार पैसे येऊ देत की एकदा.

यांचं खडकीला छान चाललंय. अक्षता बारावीला आहे, घरात कुणाला मोठ्यानं बोलू देत नाही. सोनूला सांगा, आत्या आठवण काढते.

तुमची,
नम्रता


बोरखेडा
२५ ऑगस्ट २०२४

नमाताईंना वेणूचा नमस्कार.

तुम्ही पुण्यात बसून सांगितलंत तेवढं ते सोपं नव्हतं, पण झालं एकदाचं. तुमचे दादा आधी ताट ढकलून उठले. मग पारावर ऐकून आले की निम्म्या गावानं असंच केलंय, तेव्हा गप्प बसले.

चूल मी मांडणार होते. सासूबाई म्हणाल्या, "तुझी चूल धूर कोंडती. सर तिकडं." स्वतः माती आणली, भुसकट घालून मळली आणि अशी देखणी चूल मांडली की माझ्या लग्नात तशी नव्हती. वाळल्यावर हळदकुंकू, गूळ घेऊन पूजेला बसल्या. मी म्हणाले, "आत्याबाई, ही तपासणीपुरती हाय. हिची पूजा कशाला?" तर म्हणाल्या, "चुलीला काय कळतंय, तपासणीची का खरी? पूजल्याबिगर पेटवायची न्हाई."

शेजारच्या चंद्रभागाकाकू बघायला आल्या. त्यांनी नवीनच काढलं. "राख कुठंय गं? कोऱ्या चुलीला कोण फसंल?" मग काय, राख साठेपर्यंत सासूबाईंनी तिथंच भाकरी थापायची ठरली. एकटीपुरतं शिजवायचं, एकटीनंच जेवायचं. जाताना कोठीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "तवर तू बघ."

तपासणीच्या बाई आल्या. राखेत बोट घालून बघितलं, डबे उघडून बघितले. मग त्यांनी आपुलकीनं विचारलं, "आज्जी, लेक इचारत न्हाई का?" नमाताई, सासूबाई रडायला लागल्या. रडायचं असं काही आमचं ठरलेलं नव्हतं. पदर तोंडात घालून हुंदके देऊन रडल्या. त्या बाईंचे डोळे भरून आले. तुमचे दादा वैरणीचा भारा घेऊन गोठ्यात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. बाई गेल्यावर मी हसत म्हणाले, "आत्याबाई, लई झ्याक रडलात." त्या हसल्या नाहीत. त्या रडण्याचं काय करायचं, ते त्या दिवसापासून घरात कुणालाच कळेना झालंय.

घरात चला म्हणाले, तर म्हणतात पूजलेली चूल अशी लगेच मोडू नये. दिवाळीपर्यंत राहू दे. मी आग्रह केला नाही.

तुमची वहिनी,
वेणू


विश्रांतवाडी, पुणे
६ ऑक्टोबर २०२४

सौ. वहिनींना नमस्कार.

आईच्या खात्यात पैसे जमा झाले, दादानं फोनवर सांगितलं. मी दुकानात पेढे वाटायला निघाले होते. आमच्या मालकीणबाई, मंदाकिनीबाई, काय म्हणाल्या ऐका. "म्हणजे सरकार माझ्याकडून कर घेतं आणि तुमच्या मातोश्रींना देतं. तर आपलं नातंच झालं की. दिवाळीला माहेरी बोलवा मला." आणि पेढा मात्र उचलला. ह्या पेठेतल्या लोकांना कुणाचं बरं झालेलं बघवत नाही. दिवसभर भाजणी चाळताना तेच डोक्यात. आईनं जन्मभर उन्हात सोयाबीन काढलं, त्याचे कोण देणार होतं तिला?

वहिनी, आता तपासणी झाली, पैसे सुरू झाले. आईला घरात घ्या. दाखवायचं ते दाखवून झालं. आणि तिचं पासबुक कुणाकडे असतं? तिच्याचकडे असू द्या. दादाचं मला माहीत आहे, बी-बियाण्याच्या वेळी त्याला घरातलं सगळंच आपलं वाटतं.

दिवाळीला यायला जमणार नाही. अक्षताचा क्लास आहे, यांनाही सुट्टी नाही.

तुमची,
नम्रता


बोरखेडा
२४ नोव्हेंबर २०२४

नमाताई,

दिवाळी होऊन गेली. सासूबाई घरात आल्या नाहीत. तुम्ही पासबुकाचं विचारलंत. पासबुक त्यांच्या उशाशी आहे, चिंता करू नका. माझं मात्र तुमच्या दादांकडे आहे, ते तुम्ही विचारलं नाहीत.

सासूबाई चंद्रभागाकाकूंबरोबर जीपनं तालुक्याला जाऊन आल्या. आजवर त्या बाजाराला गेल्या की तुमच्या दादांच्या मागं चालायच्या. ह्या वेळी स्वतःच्या पैशानं चादर आणली, मिश्रीच्या पुड्या आणल्या, एक स्टीलची किटली आणली. आता दुपारी गल्लीतल्या बायका पत्र्याच्या खोलीत जमतात. चहा होतो, हसणं चालतं. आमच्या घरात मी त्यांना इतकं हसताना कधी बघितलं नव्हतं. चहाला दूध लागतं, ते आमच्याच म्हशीचं घेतात. फुकट घेत नाहीत. सोनूच्या हातावर पैसे ठेवतात. सोनू नको म्हणाली तर म्हणाल्या, "मी वेगळी हाय. उगं कुणाचं कशाला?" पोरगी रडत आली.

गावात बोभाटा झालाय की उत्तरेश्वरनं आई बाहेर काढली. तुमचे दादा ऐकतात आणि मान खाली घालून येतात. खोटं आहे म्हणावं तर मग सरकारला दाखवलं ते काय, असं कुणीही विचारेल. तेव्हा आईला हाकलल्याचा ठपका ते मुकाट्यानं घेतात आणि राग घरी येऊन माझ्यावर काढतात.

आणखी एक झालंय. आधी मीठमिरची, सोनूची वही, दळण, सगळ्याला तेच पैसे द्यायचे. कुरकुरत द्यायचे, पण द्यायचे. आता काहीही मागितलं की म्हणतात, "तुमच्या खात्यात सरकार भरतंय की. कर तेवढ्यात." म्हणजे सरकारनं माझ्या हातावर ठेवले आणि ह्यांनी आपला हात काढून घेतला. मला मिळाले कुठले? पाहुणे जेवायला आले तरी आता तेल माझ्या पैशाचं.

पण खरं लिहिते. कोठीची किल्ली माझ्याकडे आल्यापासून मला हलकं वाटतं. फोडणीला तेल टाकताना मागं कुणी उभं नसतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा मी माझ्या मनानं आमटी केली. तुम्हाला राग येईल, येऊ द्या.

वेणू


विश्रांतवाडी, पुणे
१२ जानेवारी २०२५

वहिनी,

आपला दशरथ, चुलतभाऊ, पुण्यात मुलाखतीला आला होता. आमच्याकडे जेवला. त्यानं आईचं सगळं सांगितलं. ऐन थंडीत ती पत्र्याखाली झोपते. शेजारी शेळ्या. जेवायला कोरडी भाकरी आणि चटणी. आणि तिकडे घरात तुम्ही आपल्या मनानं आमटी करताय. हलकं वाटतं म्हणे! शब्द तरी जपून लिहायचा होता.

मी फक्त दाखवा म्हणाले होते. आईला खरोखर बाहेर काढा, असं मी कोणत्या पत्रात लिहिलं होतं ते मला दाखवा. एक सही आणि एक चूल, एवढ्यावर तुमची सासू सुटली. छान झालं तुमचं. इतक्या स्वस्तात कुणाचा प्रश्न सुटत नाही.

दादाला लाज वाटत असेल तर त्यानं हात धरून आणावं तिला घरात. त्याच्याच्यानं होत नसेल तर मी नेते. आमची एकच खोली आहे, पण आईला जागा लागते ती मनात. आम्ही पोटाला चिमटा काढू. ती मेली तर तुम्ही सरकारला काय दाखवणार आहात?

नम्रता


बोरखेडा
२ फेब्रुवारी २०२५

नमाताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग चुलीत घातलं. माझ्याच चुलीत, त्यांच्या नाही.

सासूबाई कोरडी भाकरी खातात हे खरं आहे. दशरथ भावजींनी खोटं सांगितलं नाही. का खातात, ते मलाही कळत नव्हतं. खात्यात पैसे येतात, खाणारं एक तोंड, मग डाळ का शिजत नाही? मी रोज भाजीची वाटी पाठवते. ती वाटी त्या रिकामी परत करत नाहीत. शेजाऱ्याकडे करतात तसं चिमूटभर काहीतरी घालून पाठवतात, कधी शेंगा, कधी गुळाचा खडा. पूर्वी ज्या हातानं मला वाढायच्या त्या हातानं आता शेजारधर्म पाळतात.

परवा बँकेच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नव्हता, म्हणून ते मशीन घेऊन बसतो त्या पोराकडे मी स्वतः त्यांना घेऊन गेले. खात्यात काहीच नव्हतं. मला वाटलं त्यानंच खाल्ले. मी भांडायला उभी राहिले तर तो म्हणाला, "मावशी, आज्जी दर महिन्याला पुण्याला पाठवत्यात की. लेकीला." सगळ्या गल्लीसमोर म्हणाला.

रस्त्यानं मी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "लेकीनं मागितलं, मी दिलं. तुला कशाला सांगू? मी वेगळी हाय न्हवं?"

तेव्हा नमाताई, चटणी-भाकरी कशामुळं, ते आता तुम्हीच सांगा. तपासणीच्या बाईंपुढं खोटं मी बोलले, गावाचं बोलणं तुमचे दादा खातात, आणि पैसा विश्रांतवाडीला. आणि वर मला लिहिता की आम्ही पोटाला चिमटा काढू. चिमटा काढलात तो कुणाच्या पोटाला?

न्या त्यांना. खुशाल न्या. कधी येताय ते कळवा.

वेणू


विश्रांतवाडी, पुणे
९ मार्च २०२५

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहून फाडलं.

खडकीचं काम गणपतीतच सुटलं. कंत्राट संपलं, नवीन ठेकेदारानं जुनी माणसं घेतली नाहीत. मी तुम्हाला सुट्टी नाही असं लिहिलं तेव्हा हे घरातच बसलेले होते. आता एका सोसायटीत पहारा करतात. पगार म्हणजे नावाला. फी थकली म्हणून अक्षताच्या क्लासवाल्यांनी तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. त्या दिवशी मी चंद्रभागाकाकूंच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. आईनं आपणहून विचारलं, असं लिहिणार होते. पण मशीनवाल्यानं सगळं सांगितलंच आहे तर असू दे, मीच मागितले. माझ्या आईकडे मागितले. मुलीनं आईकडे नाही मागायचे तर कुणाकडे मागायचे? आमच्या मालकीणबाईंकडे आगाऊ मागून बघितले. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या मातोश्रींना देतेच आहे की मी दरमहा. घरातल्या घरात दोनदा कशाला?"

आई डाळ शिजवत नाही हे मला माहीत नव्हतं. फोनवर ती "झकास हाय" म्हणते.

अक्षताची परीक्षा संपली की एप्रिलमध्ये आईला इकडे पाठवा. ह्या वेळी मी नुसतं बोलत नाही. हेच स्वतःहून म्हणाले, "आणा त्यांना. चार माणसांत राहतील." कॉटही बघून आलेत. त्यांनी माझ्या माहेरच्या कुणासाठी असं कधी केलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. पण आईसमोर काही बोलू नका.

नम्रता


बोरखेडा
१३ एप्रिल २०२५

नमाताई,

सासूबाई उद्याच्या गाडीनं निघतील. दशरथ भावजी सोबत आहेत, हे पत्र त्यांच्याकडेच देतेय. बरोबर ज्वारी, हरभऱ्याची डाळ, काळा मसाला आणि अक्षतासाठी शेंगदाण्याचे लाडू. लाडू त्यांनी पत्र्याच्या खोलीत केले, मला हात लावू दिला नाही. गुडघ्याचं तेल पिशवीच्या वरच्या कप्प्यात आहे. ऐकायला उजव्या कानानं कमी येतं, तेव्हा डावीकडून बोला.

आज त्यांनी चूल सारवली, कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, "ध्यान दे." एवढंच म्हणाल्या.

जावईबापू कॉट बघून आले हे ऐकून तुमचे दादा वैरण तोडत राहिले. मग म्हणाले, "म्या तिला कधी कॉट घेतली न्हाई."

वेणू


विश्रांतवाडी, पुणे
२५ मे २०२५

सौ. वहिनी,

हे पत्र आईबरोबरच पाठवतेय. गाडी पहाटे पोचेल, दादाला स्टँडवर यायला फोनवर सांगितलंय.

आईला इथं करमत नाही. बोलायला कुणी नाही, खाली उतरायला जिना, वाहनांची भीती. अक्षताचा निकाल लागला, पुढच्या प्रवेशाची धावपळ आहे, घरात दिवसभर कुणी नसतं. आम्ही राहा राहा म्हणत होतो, पण तिचा जीव गावाकडेच. तिच्या मनाविरुद्ध किती ठेवून घेणार?

यांनी तिला खिडकीची जागा बघून दिलीय. वाटेत खायला दिलं आहे. सविस्तर मागाहून लिहीन.

नम्रता


बोरखेडा
१७ ऑगस्ट २०२५

नमाताई,

सविस्तर लिहीन म्हणाला होतात. जून गेला, जुलै गेला. मग मीच लिहायला बसले.

सासूबाईंचे पैसे बंद झाले, हे तुम्हाला माहीत आहे. तसा मेसेज मे महिन्यातच तुमच्या दादांच्या फोनवर आला होता, कारण खात्याला नंबर त्यांचा. वयाची मर्यादा ओलांडली म्हणून लाभ थांबवला. आम्ही हसावं की रडावं? सासूबाईंचं खरं वय अजून तेवढं नाही. पण आधार काढताना तुमच्या दादांनी चार वर्षं वाढवून सांगितली होती, एस.टी.चं म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट लवकर लागू व्हावं म्हणून. किती मिरवायचे तेव्हा, आईला आपण लवकर म्हातारी केली म्हणून. ते वय आता आडवं आलं.

मेसेज आला त्याच संध्याकाळी ह्यांनी तुमच्याकडे फोन लावला, तो जावईबापूंनी घेतला. ह्यांनी त्यांना सांगितलं. आणि त्या आठवड्यातच सासूबाईंना करमेनासं झालं. मी काही म्हणत नाही. तारखा तुमच्याकडेही आहेत. पुण्याचं त्या काही बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या, "जावई बरा हाय. पैसं आलं का, रोज इचारायचा. मग इचारायचा बंद झाला."

आता आमचं ऐका. तुम्हाला एकटीला नावं ठेवून मी झोपू शकत नाही. सासूबाई तिकडे असताना इथं पेरणी तोंडावर आली. खताच्या गोण्या ठेवायला कोरडी जागा पाहिजे होती. तुमच्या दादांनी पत्र्याची खोली झाडली आणि चूल फोडली. कुदळीचे दोन घाव पुरले. मी दारात उभी होते. पूजलेली आहे, एवढं म्हणाले. ते म्हणाले, "तपासणीपुरती व्हती. तपासणी झाली." बोलले ते बरोबरच होतं, म्हणून मी दारातून बाजूला झाले.

सासूबाई स्टँडवरून आल्या त्या सरळ तिकडे गेल्या. कडी काढली. आत गोण्या. खूप वेळ तिथंच उभ्या होत्या. मला वाटलं आता रडतील, शिव्या देतील, घर डोक्यावर घेतील. तपासणीच्या बाईंपुढं रडल्या होत्या तशा रडतील, असं वाटलं. तसं काही झालं नाही. पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. तुमचे दादा म्हणाले, "आत ये की. कोण नको म्हनतंय?" तेव्हा आल्या.

आता त्या घरातच आहेत. गाव म्हणतं, उत्तरेश्वर सुधारला, आईला परत घेतली. कार्ड मात्र वेगळंच ठेवलंय, जोडायला तुमचे दादा तयार नाहीत, कारण वेगळ्या कार्डावर वेगळं धान्य येतं. म्हणजे सरकारच्या लेखी त्या अजून खताच्या गोण्यांत एकट्याच राहतात. बायका यायच्या बंद झाल्या. आमच्या घरात येऊन बसायला त्यांना अवघड वाटतं, आणि सासूबाईही कुणाला ये म्हणत नाहीत. सोनू दूध देते ते त्या चहात नको म्हणतात.

कोठीची किल्ली माझ्याकडेच आहे. मी एकदा त्यांच्यापुढं ठेवली होती. नीट सांगायचं तर मी ती हातात धरून विचारलं, "तुम्ही ठेवता का?" ठेवली नव्हती. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे तुझ्याकडंच. मला आता कुठं काय आठवतंय?" मी लगेच कमरेला लावली. मला बरं वाटलं, नमाताई, आणि त्या बरं वाटण्याची मला किळस आली. किल्ली तरीही काढली नाही.

तुमच्या त्या पहिल्या पत्राचा मला राग येत नाही. आईच्या नावावर चार पैसे यावेत, असं तुम्हाला मनापासून वाटत होतं. ते आलेही. पैसे नव्हते तेव्हा त्या ह्या घरच्या धनीण होत्या. आले तेव्हा शेजारीण झाल्या. गेले तेव्हा काय झाल्या, ते सांगते आणि पत्र संपवते.

काल दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. ज्या बाईनं मला ह्या घरात पहिला घास भरवला, जिच्या आधी मी कधी ताट घेतलं नाही, ती माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "वेणू, मी जेवून घेऊ का गं?"

मी हो म्हणाले. पण म्हणायच्या आधी मी दुरडीवरचं फडकं उचलून किती भाकरी आहेत ते बघितलं. आणि त्यांनी मला बघताना बघितलं.

वेणू